डोळे दुधाळ झाले म्हणजे आजारच असं नाही
तुमच्या बॉल पायथनने, म्हणजे अजगराच्या कुळातल्या पाळीव सापाने, तीन आठवडे उंदीर नाकारला आणि डोळे दुधाळ झाले, म्हणून तुम्ही घाबरलात. ही बहुधा कात टाकायची तयारी आहे. कात निघण्याच्या काही दिवस आधी डोळे पुन्हा स्वच्छ होतात. तोवर हाताळू नका. डोळ्यावर कातीचा तुकडा राहिलाच तर चिमट्याने कधीच ओढू नका!

खरी काळजी श्वासाची. तोंड उघडं ठेवून श्वास, नाकाशी बुडबुडे, घरघर, चिकट लाळ, यातलं काहीही दिसलं तर सापांचा अनुभव असलेला पशुवैद्य लगेच गाठा. इथे सांगलीत जानेवारीच्या पहाटे माझ्या पेटीतला गरम कोपरा २५ अंशांवर आला होता, तेव्हा माझ्या सापाला हेच झालं. तो कोपरा ३१-३२ अंश हवा. आणि वजन दर आठवड्याला लिहून ठेवा. ते टिकून असेल तर उपवासाची भीती नाही.