आयईएमची (कानात घालायच्या इन-इअर इअरफोनांची) तुलना करताना व्हॉल्यूम मॅच केला नसेल तर ती तुलना फुकट आहे (मतं येऊ द्या)

खर्जातला

कुठलीही तुलना उघडा, याचा बेस पंची, त्याचे मिड्स लश, तिसऱ्याचा साउंडस्टेज (आवाज किती पसरलेला वाटतो ते) रुंद, आणि खाली दहापैकी साडेआठ. माझं म्हणणं असं की यातल्या बहुतेक तुलनांना काही अर्थ नाही कारण दोन्ही आयईएम सारख्या आवाजात ऐकलेलेच नसतात. एकच डोंगल (फोनला लावायचा छोटा अँप), व्हॉल्यूमचा काटा तिथेच, एक काढला दुसरा घातला. ज्याची सेन्सिटिव्हिटी जास्त, म्हणजे तेवढ्याच सिग्नलला जो जास्त वाजतो, तो एखाद डीबी (डेसिबल) जोरात वाजणार, आणि गंमत म्हणजे एवढासा फरक कानाला "जोरात" असा कळतच नाही, "जास्त चांगला" असा कळतो. बेस भरीव वाटतो, डिटेल उघडं वाटतं. कमी आवाजात खर्ज आपल्याला मुळातच कमी ऐकू येतो, फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 सालीच त्याचे वक्र काढून ठेवलेत, म्हणजे हे काही गूढ नाही. तरी रिव्ह्यूमध्ये कोणी लिहितं का की आवाज मॅच करून ऐकलं म्हणून?

आणि टिपचं (कानात बसणाऱ्या रबरी टोपीचं) तर बोलायलाच नको. कानात घट्ट बसलेला सील जरा सुटला की बेस गेला. मग "बेस पातळ आहे" असं लिहून मोकळे.

माझ्या मते सारख्या आवाजात, नीट सील बसवून ऐकलं तर आयईएममधला उरलेला फरक जवळपास सगळा फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्सचा (कुठली फ्रिक्वेन्सी किती जोरात वाजते त्याचा, ज्याचा ग्राफ काढतात) असतो, बाकीचं बरंचसं किमतीचं आणि डब्याचं कौतुक. 2017 मध्ये ब्रीबार्ट या संशोधकाने 283 हेडफोनांची (त्यात इन-इअरही होते) मोजमापं किमतीशी लावून बघितली, रिस्पॉन्स आणि किंमत यांचा काही संबंध निघाला नाही.

ट्रेबलवाला

व्हॉल्यूमचं मान्य. पण शेवटी हळूच "बाकी सगळं ग्राफच" हे जे सरकवलंय ना ते अजिबात मान्य नाही.

ग्राफ जवळजवळ एकावर एक बसणारे दोन आयईएम घ्या, एक प्लेनर (सपाट पातळ पडद्याचा) आणि एक साधा डायनॅमिक (कॉइलने हलणाऱ्या पडद्याचा). तंबोरा लावा. प्लेनरमध्ये जवारीचा एकेक तंतू सुटा ऐकू येतो, दुसऱ्यात नुसता गुंजारव. ग्राफ सारखा आहे की मग हे कुठून आलं? सगळंच रिस्पॉन्समध्ये असतं तर फुकटच्या ईक्यू (फ्रिक्वेन्सी वरखाली करणाऱ्या) अॅपने कुठलाही आयईएम कुठलाही करता आला असता आणि ही एवढी कंपन्यांची रांग कशाला लागली असती राव. त्या अभ्यासातून किमतीचं काय ते कळलं, ऐकण्याचं काही कळलं नाही. महागातल्याचा रिस्पॉन्स वेगळा नसेल, म्हणून आवाजही वेगळा नाही हे कुठून आलं?

बारीककान

@ट्रेबलवाला तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे, फक्त ते दोघांनाही आवडेल असं नाही.

हे ग्राफ बहुतेक 711 कपलरवर काढलेले असतात, म्हणजे कानाच्या नळीची आणि पडद्याची नक्कल करणारी धातूची छोटी नळी. त्याचं प्रमाण ठरवलं तेव्हाच ते साधारण 10 किलोहर्ट्झपर्यंतच धरायचं असं ठरलंय. त्यात आणखी, 8 किलोहर्ट्झच्या आसपास जो सुळका दिसतो तो आयईएम नळीत किती खोल गेलाय त्यावर सरकतो. मोजणारे बरेचदा मुद्दाम तो सुळका 8 ला येईल इतकं आत ढकलून मोजतात, म्हणजे सगळे ग्राफ एका रांगेत बसावेत. तुमच्या कानात मोठ्या नोझलचा (कानात जाणाऱ्या तोंडाचा) प्लेनर उथळ बसतो, बारीक नोझलचा डायनॅमिक आत जातो. कपलरवर दोन रेषा एकच, तुमच्या पडद्याशी दोन वेगळ्या. जवारी म्हणजे वरचे स्वरांश, आणि ते सगळे तिथेच, त्याच भागात.

नवीन 5128 हेड (मोजमापासाठीचं कृत्रिम डोकं) 20 किलोहर्ट्झपर्यंत मोजायला केलंय आणि त्यातली नळी माणसाच्या कानाच्या जास्त जवळची आहे, पण तेही शेवटी सरासरी कान.

ट्रेबलवाला

अहो म्हणजे तुम्ही माझंच म्हणणं मांडलंत की. ग्राफ माझ्या कानाचा नाहीच. दुसऱ्याच्या चष्म्याचा नंबर बघून मी चष्मा का करून घेऊ?

खर्जातला

नाही नाही, थांबा. बारीककान म्हणतात फरक पडद्यापाशी पोचणाऱ्या रिस्पॉन्समध्येच आहे. म्हणजे "प्लेनरचा वेग", "टेक्निकॅलिटी" (ग्राफपलीकडचं म्हणतात ते डिटेल, सुटेपणा) वगैरे वेगळी काही जादू नाही. आयईएम बहुतांश मिनिमम फेज असतात, म्हणजे रिस्पॉन्स कळला की वेळेतलं वागणंही त्यातूनच निघतं, रिंगिंग (सिग्नल थांबल्यावरही घुमत राहणं) आहे तिथे सुळका दिसणारच. डिस्टॉर्शन बऱ्या आयईएममध्ये ऐकू येण्याच्या खाली. मग वेग म्हणजे नेमकं काय उरलं?

आणि ग्राफ 4-5 किलोहर्ट्झपर्यंत बऱ्यापैकी भरवशाचा आहे. बेस किती, आवाज पुढे की मागे, 3 किलोहर्ट्झजवळचा उंचवटा जास्त झालाय का म्हणजे बाई गायला लागली की अंगावर येणार का, एवढं ग्राफवरूनच कळतं. वरचं कानाने ठरवा, कोण नको म्हणतंय.

सिलिकॉनटिप

कोणीच सोर्सचं (आयईएम ज्याला लावतो त्या डोंगल किंवा अँपचं) बोलत नाहीये म्हणून लिहितो. खूप बीए (बॅलन्स्ड आर्मेचर, छोटे आवाज काढणारे भाग) ड्रायव्हर असलेल्या आयईएमचा इम्पिडन्स (विद्युत रोध) सगळीकडे सारखा नसतो, एका फ्रिक्वेन्सीला 30 ओहम आणि दुसरीकडे 5 असंही असू शकतं. आता सोर्सचा आउटपुट इम्पिडन्स 10 ओहम असेल तर हिशोब करा: 30 ओहमच्या जागी सिग्नल अडीच डीबीने पडतो आणि 5 ओहमच्या जागी साडेनऊने. म्हणजे ट्यूनिंगमध्ये सात डीबीचा खड्डा तुम्ही स्वतःच पाडलात आणि रिव्ह्यूत लिहिलं "मिड्स दबलेत". तोच आयईएम अर्ध्या ओहमच्या डोंगलला लावला तर हा फरक एक डीबीच्याही आत येतो. एकच डायनॅमिक ड्रायव्हर असेल किंवा प्लेनर असेल तर एवढं टेन्शन नाही, त्यांचा इम्पिडन्स बराचसा सपाट असतो. म्हणून "हा आयईएम अँपनुसार बदलतो, म्हणजे किती ट्रान्सपरंट" हे वाचलं की मला हसू येतं, तो ट्रान्सपरंट नाहीये, त्याचा इम्पिडन्स वाकडातिकडा आहे.

नुसता_वाचक

मला यातलं अर्धं कळलं नाही पण एक सांगतो. तुम्ही लोक गाण्याचा पंधरा सेकंदांचा तुकडा मागेपुढे करून ऐकता. मी प्रवासात तासन्तास ऐकतो. पटापट बदलून ऐकलं की ज्यात ट्रेबल जास्त तो नेहमी जिंकतो, कारण झाडूचे फटके, श्वास, सगळं झळकतं. तोच घालून तासभर बसा, प्रत्येक "स" कानात टोचतो आणि डोकं दुखायला लागतं. मग ती मॅच केलेली तुलना खरी की माझं डोकं खरं?

खर्जातला

दोन्ही खरं, प्रश्न वेगळे आहेत. तुमचा प्रश्न आहे राहायला कोणता बरा. माझा प्रश्न आहे दोघांत फरक नेमका काय. आवाजाची बारीक आठवण काही सेकंदांत विरते, "काल ऐकलेला जास्त रुंद होता" याला मी पुरावा नाही म्हणत.

स्टेजमागे

मी लाइव्ह साउंडचं काम करतो, माझा अनुभव या सगळ्यापेक्षा थोडा आडवा आहे. इन-इअर मुळात स्टेजवर आले ते बाहेरचा गोंगाट अडवून स्वतःचा मिक्स कमी आवाजात ऐकता यावा म्हणून. तिथे साउंडस्टेज कोणी विचारत नाही. गायकाची पहिली तक्रार असते "माझाच आवाज डोक्यात घुमतोय". कानाची नळी बाहेरून बंद झाली की स्वतःच्या आवाजाचा खालचा भाग हाडांतून येऊन आतच अडकतो, टिप उथळ बसलेली असेल तर फार घुमतं, खोल गेलेली असेल तर कमी. हे ना ग्राफवर दिसतं ना गाणी ऐकून कळतं, घालून तोंड उघडावं लागतं. त्या गायकासाठी तुमचे दोन्ही आयईएम हार्मन टार्गेटला (हार्मन कंपनीने लोकांच्या पसंतीवरून ठरवलेल्या रिस्पॉन्सला) चिकटून असतील, तरी एक नापास.

बाकी व्हॉल्यूम मॅच बद्दल: करा जरूर, पण ब्लाइंड टेस्टच्या गप्पा जपून. हेडफोनच्या ब्लाइंड टेस्टमध्ये डोळे बांधून उपयोग नाही, शेलचा आकार कानाला लगेच कळतो. शिवाय बदलायला वेळ लागतो, तेवढ्यात मघाशी म्हणाले ती आठवण गेलेली असते.

बारीककान

त्यासाठीच हार्मनमध्ये शॉन ऑलिव्ह आणि मंडळींनी वेगळी पद्धत वापरली. ऐकणाऱ्याला एकच हेडफोन घालायला द्यायचा आणि बाकीच्यांचा रिस्पॉन्स ईक्यूने त्यात उतरवून, बटण दाबून बदलत ऐकवायचा. ना आकार कळतो ना नाव.

ट्रेबलवाला

हे तर फारच भारी झालं. जे सिद्ध करायचं तेच आधी गृहीत धरलं की! नक्कल करताना फक्त रिस्पॉन्स उतरवला, आणि मग निष्कर्ष काय तर लोकांची पसंती रिस्पॉन्सवर ठरते. बाकी काही असलंच तर ते आत शिरायला वाटच ठेवली नाही.

बारीककान

आक्षेप चांगला आहे आणि तो त्यांनाही सुचलेला होता, म्हणून नक्कल ऐकून दिलेली मतं खरे हेडफोन घालून दिलेल्या मतांशी ताडून पाहिली होती. बऱ्यापैकी जुळली, तंतोतंत नाही. राहिलेल्या फरकाला गळका सील आणि स्पर्श ही कारणं असू शकतात. तुम्ही म्हणाल त्यातच "टेक्निकॅलिटी" लपलीय, खर्जातला म्हणतील नाही. मी मध्ये पडत नाही.

खर्जातला

मी म्हणणारच "नाही" 😀

सिलिकॉनटिप

मूळ धाग्यालाच एक प्रश्न, व्हॉल्यूम मॅच करायचा म्हणजे कुठे? सगळे 1 किलोहर्ट्झचा टोन धरतात. पण एक आयईएम व्ही-शेप (बेस आणि ट्रेबल वर, मिड्स खाली) आणि दुसरा सपाट असेल तर 1 किलोहर्ट्झला बरोबरी केल्यावर व्ही-शेपवाल्याचा बेस आणि ट्रेबल दोन्ही वर राहणार, म्हणजे एकूण तोच जोरात. पिंक नॉइजने (सगळ्या फ्रिक्वेन्सी असलेल्या खरखरीने) मॅच केलं तर त्याचे मिड्स खाली जातात आणि "व्होकल मागे आहे" असा निकाल येतो. मॅच करायची जागा बदलली की निकाल बदलतो.

खर्जातला

बरोबर, म्हणून मी दोन्ही करतो. तरी न मॅच करण्यापेक्षा कुठेतरी मॅच करणं शंभरपट बरं. घरी कपलर नसेल तर फोनचं मीटर अॅप कानाला लावू नका, सीलशिवाय त्या आकड्याला काही अर्थ नाही. गायनाचा पट्टा उरेल असा कापलेला नॉइज लावा आणि एकदा याने एकदा त्याने कानानेच पातळी जुळवा. अगदी बारीक नाही जुळणार पण ढोबळ चूक टळते.

नुसता_वाचक

मी मघाशी एक उद्योग केला. फोनमध्ये मोनो चालू केलं आणि डाव्या कानात एक आयईएम, उजव्या कानात दुसरा, दोघांच्या वायरी स्प्लिटरला. काढघाल नाही, आठवणीचा प्रश्न नाही, फरक एकदम समोर. डावीकडचा लख्ख चमकदार वाटला. हे चालेल का तुमच्या शास्त्रात?

बारीककान

युक्ती वाईट नाही, पण आधी दोघांचा आवाज जुळवा, स्प्लिटरवर जो जास्त सेन्सिटिव्ह तो जोरात वाजणारच. आणि दोन कान सारखे नसतात, नळीचा आकार वेगळा, मळ वेगळा, कधी ऐकूही कमीजास्त येतं. आता बाजू बदलून तेच गाणं परत लावा. चमक आयईएमबरोबर उजवीकडे गेली तर ती त्याची, डावीकडेच राहिली तर तुमच्या कानाची. आणि सिलिकॉनटिप यांनी सांगितलं ते विसरू नका, स्प्लिटरला दोन आयईएम लावले की दोघे एकमेकांच्या इम्पिडन्सला भार होतात, सोर्सचा आउटपुट इम्पिडन्स अगदी कमी असेल तरच हे करा.

ट्रेबलवाला

आणि मोनोत साउंडस्टेज कोणाचा बघणार, डाव्या कानाचा की उजव्या?