बॅडमिंटन हॉलचे जुने डक्ट कूलर काढायचेत : परत कूलरच, की एसी?

पांझराकाठ
धुळे जिल्ह्यातल्या एका तालुका क्रीडा संकुलाचं काम बघतो. बॅडमिंटन हॉल ३० × २० मीटर, उंची ९ मीटर, वर साधा पत्रा. दोन डक्ट कूलर आहेत, म्हणजे ओल्या पॅडमधून गार झालेली हवा मोठ्या नळीने (डक्टने) आत सोडणारे. टाक्या गंजून गळतात, पॅडवर क्षारांचा पांढरा थर चढलाय, हवा येते पण चिकट वाटते. शेजारच्या जिममध्ये आर-२२ या जुन्या शीतक गॅसचा ८.५ टन (गार करण्याची क्षमता) डक्टेबल एसी आहे, त्याचा कॉम्प्रेसर गेलाय. समितीतले काही जण म्हणतात, एकदाच पैसे घालू आणि सगळीकडे एसी करू. पाणी बोअरचं, जड. निविदेत काय काय लिहावं?

डक्टवाला_भुसावळ
भाऊ, हॉलला एसी नका करू. पत्र्याला इन्सुलेशन नसताना एवढ्या हॉलला ६० टनांच्या आत भागणार नाही. म्हणजे ६५-७० किलोवॅटचा भार, आणि त्याचं बिल दर महिन्याला कोण भरणार? कूलर, पंप आणि हवा बाहेर काढणारे एक्झॉस्ट पंखे धरून १२ किलोवॅटच्या आसपास काम होतं.

आपली कोरडी हवा इथे फायद्याची आहे. मे महिन्यात दुपारी पारा ४३ वर असताना वेट बल्ब (पाणी उडून हवा जास्तीत जास्त जेवढी गार होऊ शकते ते तापमान) २३ च्या आसपास असतो. पॅडची क्षमता ८५ टक्के धरली तर ४३ − (०.८५ × २०), म्हणजे २६ अंशांची हवा आत येते.

आता माप. हॉल ५,४०० घनमीटर. तासाला १२ वेळा हवा बदलायची तर ३८ हजार सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा) लागतात, म्हणून २० हजारांची दोन यंत्रं घ्या. प्रत्येकाला किमान ४.७ चौरस मीटर पॅड हवा, म्हणजे हवेचा वेग सेकंदाला २ मीटर राहतो. ठेकेदार पॅड लहान करून स्वस्त दर टाकतात. वेग २.५ च्या वर गेला की पाण्याचे थेंब डक्टमधून थेट कोर्टावर येतात.

हवा चिकट लागते याचं कारण बहुतेक एक्झॉस्टचं आहे. दारं-खिडक्या लावून कूलर चालवला की आतली ओल आतच साठत जाते. समोरच्या भिंतीला पत्र्याखाली उंचावर ८,५०० सीएफएमचे चार एक्झॉस्ट लावा, पत्र्याची गरम हवाही त्यांच्यातूनच निघेल. पत्र्याला वरून पांढरा परावर्तक रंग आणि खालून ५० मिमी इन्सुलेशन याच निविदेत घाला.

गिरणा_परिसर
पाण्याचा हिशोब आधी करा, नाहीतर नवे पॅडही दोन हंगामांत दगड होतील. भर उन्हात या दोन यंत्रांतून ताशी सव्वापाचशे लिटर पाणी उडून जातं आणि क्षार टाकीत मागे राहतात. क्षार मूळ पाण्याच्या तिप्पट होऊ द्यायचे, त्यापुढे नाही. त्यासाठी ताशी २६० लिटर पाणी सतत सोडून द्यावं लागतं. एकूण ताशी ८०० लिटर, आठ तासांना साडेसहा हजारांची टाकी. सोडलेलं पाणी शौचालयाच्या टाकीत घ्या. झाडांना देऊ नका, खारं असतं. कूलरची टाकी एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) किंवा एफआरपीची (फायबरची) मागा, जीआय (जस्त चढवलेलं लोखंड) नको.

पॅड बसवताना स्वतः उभे राहा. त्याच्या नाळ्या दोन वेगळ्या कोनांत असतात, ४५ आणि १५ अंश. जास्त उतार बाहेरच्या, म्हणजे हवा शिरते त्या बाजूला खाली यायला हवा. पॅड उलटा लागला की पाणी आतल्या बाजूला ढकललं जातं. बघायला दोन्ही बाजू सारख्याच दिसतात, म्हणून ही चूक हमखास होते.

शटल_जळगाव
खेळाडूंच्या बाजूने एक. हवेचा झोत कोर्टावर यायला नको, शटल वाहवत जातं. कोर्टावर वेग सेकंदाला ०.२ मीटरच्या आत ठेवा. डक्ट दोन्ही लांब भिंतींच्या कडेने न्या, एकाच मोठ्या तोंडातून हवा फेकू नका. जागा असेल तर भोकांचा कापडी डक्ट उत्तम. थोडी ओल पिसांच्या शटलला चांगलीच असते, अगदी कोरड्या हवेत पिसं लवकर तुटतात. पण लाकडी फ्लोअरसाठी आर्द्रता ६५ टक्क्यांवर गेली की पंप आपोआप बंद होईल असा ह्युमिडिस्टॅट मागाच. पावसाळ्यात नुसता पंखा चालवा, पंप नाही. रोज पंखा बंद करण्याआधी वीस मिनिटं पंप बंद केला तर पॅड वाळतात आणि कुबट वास येत नाही.

पांझराकाठ
मंडळी, खूप उपयोगी. जिमच्या एसीचं काय? ठेकेदार म्हणतो जुनी तांब्याची पाइपलाइन ठेवून नवं आर-३२ (नवा शीतक गॅस) चं मशीन लावतो.

डक्टवाला_भुसावळ
नाही. आर-३२ चा दाब आर-२२ च्या दीडपटीहून जास्त, आणि जुन्या लाइनीत मिनरल तेल बसलेलं असतं, ते नव्याच्या तेलाशी जमत नाही. नवी जाड पाइप, नायट्रोजनने साधारण ६०० पीएसआय दाबावर २४ तास गळतीची चाचणी, मग ५०० मायक्रॉनपर्यंत (निर्वात मोजायचं एकक) व्हॅक्यूम, हे निविदेत शब्दशः लिहा. जुन्या मशीनमध्ये आर-३२ भरण्याचा विचारही नको. तो थोडा ज्वलनशील आहे. आर-२२ हवेत सोडू देऊ नका, रिकव्हरी यंत्राने सिलिंडरमध्ये काढून घेतल्याची वजनाची पावती मागा.

तक्त्यातली टनांची क्षमता बाहेर ३५ अंश धरून असते, आपल्याकडे ४५ ला ती घटते. म्हणून ५२ अंशांपर्यंत चालणारं मशीन मागा आणि आउटडोअर पश्चिमेच्या उन्हात ठेवू नका. आणि खरेदी डिसेंबरात सुरू करा, फेब्रुवारीअखेर चाचणी झाली पाहिजे.