कुत्र्याची फिजिओथेरपी म्हणजे लाड? (त्या पोस्टला उत्तर)

ओसरी

परवा घाटावरचा यांनी लिहिलं होतं: 'पुण्यात आता कुत्र्यांना पाण्यातल्या ट्रेडमिलवर चालवतात म्हणे. एका वेळचे पैसे बघितले तर आमच्याकडच्या मजुराचा रोज त्यापुढे काहीच नाही. गावात कुत्रं लंगडलं तर चार दिवस पडून राहतं आणि उठतं. हे सगळे शहरातले लाड.' त्याखाली लाइकच्या अंगठ्यांची रांग लागली. उत्तर प्रतिसादात मावेना, म्हणून वेगळा धागा.

माझी बर्फी डॅशहाउंड आहे. एका संध्याकाळी तिचे मागचे दोन्ही पाय गेले. पुढच्या पायांवर फरफटत ती दारापर्यंत आली आणि तिथेच बसली. या आखूड पायांच्या जातीत मणक्यांमधल्या गाद्या तरुणपणीच कडक होतात, मग त्यातली एखादी फुटून मज्जारज्जूवर दाब येतो. डॉक्टरांनी चिमट्याने मागच्या पायाचं बोट दाबलं तेव्हा तिने वळून पाहिलं आणि कळवळली. खोलवरची वेदना शाबूत होती, म्हणून आशा होती. ऑपरेशन न करता बघायचं ठरलं.

आधी किमान चार आठवडे पिंजऱ्यात सक्त विश्रांती. शी-शूपुरतं बाहेर, तेही उचलून. मूत्राशय हाताने दाबून रिकामं करायला मी शिकले. मग व्यायाम: पोटाखालून टॉवेल घालून उभं करायचं, पाय एकेक करून सायकल चालवल्यासारखे फिरवायचे, पंजा उलटा पडला की सरळ ठेवायचा, पुढे जमिनीवर झाडूच्या काठ्या मांडून त्या ओलांडायला लावायच्या. हे जवळजवळ सगळं घरच्या सतरंजीवर झालं. थेरपिस्टकडे जायचो ते पुढचा टप्पा शिकायला. आज बर्फी चालते. थोडी झोकांड्या खाते, पण चालते.

यात लाड कुठे आहेत? आणि 'चार दिवसांत उठतं' म्हणता, तर जे उठतं ते तुम्हाला दिसतं. जे उठत नाही त्याचा हिशेब गावात कोण ठेवतो?

घाटावरचा

ताई, तुमची बर्फी चालते याचा आनंद आहे. पण माझं वाक्य अर्धंच धरलंत. माझा राग कुत्र्यावर नाही. आमच्याकडे कारवानी आहे, सडपातळ शिकारी जातीचं कुत्रं. वडिलांच्या काळापासून घरात कारवानीच. मागच्या वर्षी बांधावरून उडी मारताना त्याचा मागचा पाय दुखावला. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर भले माणूस, पण दिवसभर गायी-म्हशींत. एक्स-रे मशीन नाही. एका इंजेक्शनवर आम्ही परत आलो. तो पाय तो अजून पूर्ण टेकत नाही.

आता सांगा, पाण्यातली ट्रेडमिल वाचून मला काय वाटावं?

तिखटमीठ

ओसरी, तुमचं नशीब चांगलं की आधी निदान झालं. माझं उलट झालं, म्हणून हे धागे वाचले की डोकं फिरतं.

आमचा रॉटवायलर पुढच्या पायाने लंगडायला लागला, मनगटाच्या जरा वर सूज. एका नव्या, चकाचक सेंटरमध्ये गेलो. तिथल्या मॅडमनी हात फिरवला, 'सॉफ्ट टिश्यू' म्हणाल्या आणि पॅकेज विकलं. लेझर, मसाज, पाण्यात चालणं. एक्स-रे नाही. पॅकेज संपलं तरी सूज वाढतच होती. दुसऱ्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत एक्स-रे काढला: हाडाचा कॅन्सर. मोठ्या जातींमध्ये नेमक्या त्याच जागी होणारा. गाठीवर लेझर मारायचं नसतं हेही तेव्हाच कळलं.

तो गेला. व्यायामाने बरं झालेल्यांच्या गोष्टी सगळे सांगतात, माझीही ऐका.

ओसरी

तिखटमीठ, वाचून फार वाईट वाटलं. पण ही फिजिओची चूक नाही, निदान न करता पैसे घेण्याची आहे.

तिखटमीठ

ज्याचं कुत्रं गेलं त्याला हा फरक समजावू नका. दार एकच होतं आणि त्यावर फिजिओथेरपीच लिहिलं होतं.

पाठकणा

मी माणसांची फिजिओथेरपिस्ट. कुत्र्यांना हात लावत नाही आणि माझ्या व्यवसायातल्या इतरांनीही व्हेटच्या देखरेखीशिवाय लावू नये. चार पायांचा भार वेगळा, आणि पेशंट 'इथे दुखतं' म्हणत नाही.

पुरावा आहे का, तर आहे, पण सरसकट नाही. गुडघ्याचं लिगामेंट तुटलेल्या, वजन जास्त असलेल्या कुत्र्यांवर अमेरिकेत एक अभ्यास झाला, 2013 साली छापून आला. औषध, फिजिओ आणि वजन उतरवणं दोन्ही गटांना, त्यातल्या एका गटाचं शिवाय ऑपरेशन. वर्षाअखेरीस ऑपरेशनवाली सुमारे तीन-चतुर्थांश यशस्वी, बिनऑपरेशनची जवळजवळ दोन-तृतीयांश. ऑपरेशन सरस, पण दुसरा गटही बराच सुधारला. त्यात वजन उतरवण्याचाही वाटा असणार. म्हणून मी कुणालाही ट्रेडमिलच्या आधी विचारते: वजनकाट्यावर कधी ठेवलंत?

बंड्याचे_बाबा

पाठकणा, हा टोमणा कुणाला? मी मागच्या धाग्यात बंड्याच्या खुब्यांबद्दल लिहिलं होतं. लॅब्रॅडॉर आहे, हिप डिस्प्लेशिया आहे, म्हणजे खुब्याचा सांधा नीट बसत नाही. महिनोन्महिने पाण्यात चालवतोय आणि फरक शून्य. त्यावरही काहीतरी सांगा.

पाठकणा

टोमणा नाही. वजन किती?

बंड्याचे_बाबा

46 किलो. मोठ्या हाडाचा आहे.

पाठकणा

लॅबमध्ये 46 म्हणजे मोठं हाड नव्हे. बरगड्या हाताला लागतात? वरून पाहिलं तर कंबर दिसते? पाणी खुब्यापर्यंत असलं की पायांवर शरीराचा जेमतेम 38 टक्के भार येतो. म्हणून तो पाण्यात सुखाने चालतो. बाहेर आला की पूर्ण 46 किलो त्याच पायांवर. उरलेला दिवस तो जमिनीवरच काढतो ना?

बंड्याचे_बाबा

घरी आई आहे, 78 वर्षांची. दुपारी ती आणि बंड्या दोघंच. तिच्या ताटातली तूप-पोळी तो खातो, चहाबरोबर बिस्किट खातो. तेवढाच तिचा विरंगुळा. फोटो न बघता, कुत्रा न बघता माझ्या आईला दोष देऊ नका.

पाठकणा

आईंचं नावही मी घेतलं नव्हतं. तूप-पोळी तुम्हीच आणलीत.

तिखटमीठ

बंड्याचे बाबा, पाठकणा बरोबर बोलतायत. आणि हे त्या सेंटरने सांगायला हवं होतं. महिनोन्महिने पैसे घेतले आणि एकदाही वजन केलं नाही? माझा मुद्दा पुन्हा तोच.

बंड्याचे_बाबा

वजन केलं होतं. कमी करा म्हणालेही होते. पण कसं, ते कुणी सांगितलं नाही. भूक लागली की तो रात्रभर भांडं आपटतो. तुमच्या घरात या एक रात्र.

लेस्टरवाली

प्युरिनाच्या प्रयोगाबद्दल कुणीच बोललं नाही. 48 लॅब, एकाच वेताच्या जोड्या केल्या, जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी खाणं, जन्मभर. कमी खाणाऱ्यांतली निम्मी 13 वर्षांपुढे जगली, दुसऱ्यांतली निम्मी 11.2 वर्षांपुढे. आणि खुब्याचा संधिवात कमी खाणाऱ्यांना बराच उशिरा झाला.

घाटावरचा

म्हणजे कुत्र्याचं खाद्य विकणाऱ्या कंपनीचा प्रयोग. विश्वास ठेवायचा?

लेस्टरवाली

खाद्य विकणारी कंपनी 'कमी खायला घाला' सांगते तेव्हा ठेवायचा. तिचा त्यात काय फायदा?

घाटावरचा

हे पटलं. आमच्या कारवानीच्या बरगड्या लांबून मोजता येतात. पाहुणे म्हणतात उपाशी ठेवता. आता त्यांना हा धागा दाखवेन.

श्वानवैद्य

उशिरा आलो. पेशंट होते.

बंड्याचे बाबा, दिवसाचं सगळं खाणं सकाळी मोजून एका डब्यात भरा. आजी जे देतील ते त्याच डब्यातून. देण्याचा आनंद त्यांचाच राहील. पोळीऐवजी उकडलेला दुधी, गाजर, काकडी. तूप बंद. दर पंधरवड्याला वजन. आणि घरात गुळगुळीत फरशी असेल तर त्याच्या वाटेवर जाजम टाका. पाय घसरणाऱ्या जागी खुबा कसा सावरेल?

तिखटमीठ, तुमच्याशी मी पूर्ण सहमत आहे. 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार उपचार नोंदणीकृत पशुवैद्यकाचं काम आहे. निदानाआधी पॅकेज विकणं गैर आहे. बर्फीसारख्या पेशंटला विश्रांतीच्या आठवड्यांत उत्साहाने पळवलं तर अर्धवट फुटलेली गादी पूर्ण फुटू शकते. केव्हा थांबायचं हे ज्याला कळतं त्याच्याकडेच जा.

अजून एक, माझ्या दवाखान्यात वारंवार दिसतं म्हणून लिहितो: लंगडतो म्हणून घरातली ब्रुफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी देऊ नका. कुत्र्याच्या पोटात अल्सर होतो, मूत्रपिंडं निकामी होतात. मग पायाचं दुखणं बाजूलाच राहतं.

लेस्टरवाली

इकडे ब्रिटनमध्ये पशुवैद्यकाने तपासून सांगितल्याशिवाय दुखऱ्या प्राण्यावर फिजिओ करता येत नाही. तरी 'ॲनिमल फिजिओथेरपिस्ट' ही पाटी लावायला कुणालाही मुभा आहे, त्यामुळे फसवणूक इकडेही होते.

बंड्याचे_बाबा

डॉक्टर, डब्याचं पटलं. आईला विचारलं, ती म्हणाली डबा मीच भरणार. तुपाबद्दल अजून भांडण चालू आहे. पण पाठकणा, तुमची विचारायची पद्धत बरी नव्हती.

पाठकणा

पद्धत हीच राहील. कुत्र्यांच्या बाजूने विचारते.

घाटावरचा

ओसरीताई, 'लाड' हा शब्द तुमच्या बर्फीपुरता मागे घेतो. ट्रेडमिलच्या दराबद्दल मत तेच आहे. आणि डॉक्टर, आमच्यासारख्यांनी कुठे जायचं तेही सांगा. सातारा जिल्ह्यात राहतो.

श्वानवैद्य

शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे न्या. आधी फोन करून वेळ आणि एक्स-रेचं विचारा. वर्षभर पाय पूर्ण टेकत नाही म्हणजे मांडीचे स्नायू झडले असणार. दोन्ही मांड्यांचा घेर टेपने मोजून आकडे बरोबर न्या. लिगामेंट गेलंय की गुडघ्याची वाटी सरकतेय, ते तपासल्यावर ठरेल. तोवर उड्या बंद, दोरीवर हळू चालणं. हळू चालवलं की कुत्रं दुखरा पायही थोडा टेकवतं.

घाटावरचा

मोजला. उजवी मांडी 31 सेंटिमीटर, डावी 26. सोमवारी निघतो.

तिखटमीठ

एक्स-रे काढल्याशिवाय परत येऊ नका.