साताऱ्यात स्ट्रोक: इंजेक्शन इथेच की थेट पुणे?

घाटमाथा
सातारा-कोरेगाव पट्ट्यात कुणाचं तोंड वाकडं झालं, हात गळाला, म्हणजे स्ट्रोक आला (मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद पडली किंवा फुटली), की नातेवाईक गाडी थेट पुण्याला काढतात. ११० किलोमीटर, कात्रजला अडकलात तर तीन तास. माझं मत स्पष्ट आहे: आधी जवळचं सीटी (मेंदूचा स्कॅन), रक्तस्राव नसेल तर तिथेच गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, मग पुणे. इंजेक्शनची मुदत साडेचार तासांची, आणि ती रुग्णाला शेवटचं धडधाकट कधी पाहिलं तिथपासून मोजायची. सकाळी उठल्यावर लक्षात आलं, तर रात्री झोपला तिथपासून. पुण्यात केसपेपर, सीटी, संमती होईस्तोवर ती टळलेली असते.

कॅथलॅब
साफ असहमत. मोठी रक्तवाहिनी बंद असेल, म्हणजे मानेतली कॅरोटिड मेंदूत शिरते तिथे किंवा मिडल सेरेब्रल या मेंदूतल्या मोठ्या वाहिनीच्या बुंध्याशी, तर इंजेक्शनचा भरवसा फार कमी. आठ मिलिमीटरपेक्षा लांब गुठळी औषधाने क्वचितच विरघळते. तिथे मांडीतून कॅथेटर घालून स्टेंट रिट्रीव्हरने (गुठळी अडकवून ओढणाऱ्या जाळीने) किंवा सक्शनने ती बाहेरच काढावी लागते. २०१५च्या पाच चाचण्यांनंतर यावर वाद उरलेला नाही. साताऱ्यात प्रत्यक्षात काय होतं? सीटीचा टेक्निशियन घरून येणार, फिजिशियन ओपीडीत, औषध बाहेरच्या मेडिकलमधून. दोन तास गेले. पुण्याचा रस्ता तेवढाच बाकी.

घाटमाथा
सर, कॅटलोनियातली रेसकॅट चाचणी नेमकी याच प्रश्नावर होती. मोठी वाहिनी बंद असल्याचा संशय असलेले रुग्ण, एक गट जवळच्या रुग्णालयात, दुसरा थेट थ्रोम्बेक्टॉमी केंद्रात, म्हणजे कॅथेटरने गुठळी काढतात तिथे. ९० दिवसांनी अपंगत्वात फरक नाही. शिवाय ॲम्ब्युलन्समध्ये मोठी वाहिनी ओळखणार कोण? हात पूर्ण लुळा, नजर एका बाजूला खेचलेली, बोलणं बंद, एवढ्यावरून अंदाजच. त्यातले काही रक्तस्रावाचे निघतात, काही साखर उतरल्याचे.

कॅथलॅब
रेसकॅटमधली जवळची रुग्णालयं स्ट्रोकच्या एका जाळ्यात बांधलेली होती. तिथला निष्कर्ष इथे जसाच्या तसा लावू नका.

पंप_नंबर_३
दोघेही औषध कोणतं यावर बोलत नाही आहात, आणि घोळ तिथेच होतो.

गुठळी विरघळवणारी औषधं दोन. अल्टेप्लेज किलोमागे ०.९ मिग्रॅ, कमाल ९०. ६० किलोच्या रुग्णाला ५४: त्यातले ५.४ एका मिनिटात, उरलेले ४८.६ तासाभरात पंपावर. ५० मिग्रॅची एक वायल (औषधाची कुपी) पुरत नाही, चार मिलिग्रॅमसाठी दुसरी फोडावी लागते. विरघळवताना वायल हलकेच फिरवायची. जोरात हलवली की फेस येतो आणि मात्रा चुकते. मग तो पंप घेऊन खंबाटकी उतरायचा.

टेनेक्टेप्लेज एकाच दमात जातं. किलोमागे ०.२५, कमाल २५ मिग्रॅ. ६० किलोला १५. भारतीय औषधाच्या मंजुरीत मात्रा ०.२ आहे, म्हणजे १२. हेच औषध हार्ट अटॅकलाही देतात; त्या पॅकमधला वजनाचा तक्ता मात्र याच रुग्णाला ३५ सांगतो. घाईत तो तक्ता पाहिला तर दुपटीहून जास्त औषध जातं आणि मेंदूत रक्तस्राव ओढवतो. पॅकवर स्ट्रोकची मात्रा मार्करने लिहून ठेवा.

कॅथलॅब
हे मान्य. टेनेक्टेप्लेज असेल तर साताऱ्यात थांबण्यात वेळ कमी जातो.

रात्रपाळी
बीपीही बघा. १८५/११० च्या वर असेल तर सुई टोचायची नाही. आधी बीपी उतरवणारं लॅबेटॅलॉल १० मिग्रॅ शिरेतून, मोजा, पुन्हा. जिभेखाली निफेडिपिनची (बीपीच्या औषधाची) कॅप्सूल फोडण्याची सवय अजून सुटलेली नाही. बीपी धाडकन कोसळतं आणि जो भाग अजून वाचण्यासारखा होता तोही जातो. इंजेक्शननंतर २४ तास १८०/१०५ च्या आत, पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी. याच २४ तासांत ॲस्पिरिन नाही. रॅमिप्रिल-एनालाप्रिल या बीपीच्या गोळ्या चालू असलेल्यांची जीभ सुजते का ते बघत राहा. श्वासनलिका बंद होऊ शकते. आणि आयएनआर (रक्त किती उशिरा गोठतं त्याची तपासणी) १.७ च्या वर किंवा ४८ तासांत ॲपिक्सॅबॅन-रिव्हरोक्सॅबॅन ही रक्त पातळ करणारी औषधं घेतलेली असतील, तर नेहमीच्या नियमांनुसार इंजेक्शन बाद. अशाला साताऱ्यात अडवून काय मिळवणार?

घाटमाथा
सीटी तर मिळेल ना! गोळ्यांची पाकिटं नातेवाइकांनी सोबत आणली, तर हा निर्णय पाच मिनिटांत होतो. त्याच टेबलावर सीटी अँजिओ (डाय टोचून रक्तवाहिन्यांचा सीटी) करा, फोटो पुण्याला पाठवा, तिकडे गुठळी काढायची कॅथलॅब तयार. अँजिओत मोठी वाहिनी उघडी दिसली तर पुण्याची धाव निम्म्या घाईने चालते.

कॅथलॅब
अँजिओसाठी क्रिएटिनीनच्या (किडनीच्या तपासणीच्या) रिपोर्टची वाट बघणारी रुग्णालयं आहेत, म्हणून सांगतो: ती वाट बघायची नसते. माझी अट एकच. दारात आल्यापासून ६० मिनिटांत सीटी, इंजेक्शन आणि १०८ मध्ये चढवणं होत असेल तर साताऱ्यात थांबा. होत नसेल तर सांगा, आणि सोडा.

घाटमाथा
साठ मिनिटं इंजेक्शनची मर्यादा म्हणून मान्य. पण ६१व्या मिनिटाला न टोचताच सोडा म्हणाल, तर नाही.