कलकत्त्याच्या दुकानाचे नाव असलेल्या जुन्या दुनळी बंदुकीविषयी मदत हवी आहे

आजोबांकडून आलेली, बाहेरून घोडे असलेली बारा बोअरची दुनळी बंदूक आमच्याकडे आहे. परवाना चालू आहे. बंदूक विकायची नाही आणि तिच्यातून बारही काढायचा नाही.

दोन नळ्यांमधल्या पट्टीवरची अक्षरे इतकी झिजली आहेत की ‘कलकत्ता’ एवढेच वाचता येते. नळ्या उतरवून त्यांच्या खालच्या सपाट बाजूवर टॉर्चचा उजेड तिरपा टाकला, तेव्हा एकमेकांना छेदणारे दोन राजदंड व मुकुट असलेली बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाची (जिथे बंदुकीच्या नळ्यांची मजबुती तपासतात) मुद्रा आणि चौकटच्या आकारात ‘१२’ व खाली ‘सी’ असा छाप दिसला. हा छाप १८८७ पासूनचा आणि राजदंडांची ती मुद्रा १९०४ पर्यंतची, त्यामुळे काळ बराचसा ठरतो असे मी धरून चाललो आहे. शेजारी ‘जे. एच.’ ही बारीक आद्याक्षरे आणि चार आकडी क्रमांक आहे. परवान्याच्या वहीत फक्त क्रमांक व बोअर नोंदले आहे.

कलकत्त्यातील मँटन किंवा रॉडा यांसारख्या पेढ्या इंग्लंडमध्ये घडवलेल्या बंदुका स्वतःच्या नावाने विकत, हे वाचले आहे. आम्ल किंवा पॉलिश लावून अक्षरे उठवायची नाहीत, कारण दमास्कस नळ्यांवरची (लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेल्या नळ्या) वळणदार नक्षी त्यात जाईल, आणि बंदूक तपासणीसाठी परदेशी पाठवणेही शक्य नाही.

तेव्हा ती आद्याक्षरे नळी घडवणाऱ्या कारागिराची मानावीत की बंदूक जुळवणाऱ्याची, आणि केवळ क्रमांकावरून विक्रीचे वर्ष व मूळ ग्राहक सांगू शकेल अशी या कलकत्त्याच्या पेढ्यांची कोणती वही आज कुठे पाहायला मिळते का?