भीमाशंकरला पिस्तूल? अहो काठी घ्या
वर एकांनी विचारलंय की अमेरिकेत लोक जंगलात पिस्तूल घेऊन फिरतात, मग आपलं लायसन असेल तर भीमाशंकरला एकट्याने जाताना का नेऊ नये. अहो ते अभयारण्य आहे, वन्यजीव कायदा १९७२ चं कलम ३१ बघा, मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी परवानगीशिवाय आत शस्त्र नेताच येत नाही, लायसन असो नाहीतर नसो. तिकडे नॅशनल पार्कात २०१० पासून त्या त्या राज्याच्या कायद्याप्रमाणे बंदूक बाळगता येते हे खरंय, पण तिथल्या यलोस्टोन पार्कात सुद्धा अस्वलासाठी बेअर स्प्रेच (मिरचीचा झोंबरा फवारा) जवळ ठेवा म्हणतात, धावत येणाऱ्या ग्रिझली अस्वलावर नेम धरणं म्हणजे काय जत्रेतले फुगे फोडणं आहे का! आणि आपल्या सह्याद्रीत गोळी घालणार कोणाला? मागे राजगडाच्या वाटेवर आग्यामोहोळ उठलं, आम्ही चादर डोक्यावरून घेऊन पालथे पडून राहिलो, तरी मानेत सात काटे घुसले, घरी बायकोने एकेक काढला (शिव्या वेगळ्या). फुरसं (छोटा विषारी साप) तर पाचोळ्यात दिसतसुद्धा नाही, तिथे घोट्याच्या वरपर्यंतचे बूट घालायचे नि काठी आपटत चालायचं. आणि एकटे कशाला जाताय, गावातून वाटाड्या घ्या की.