घरं नकोत, चुली मोजा

'पुरानंतर ड्रोननं पडकी घरं मोजली की मदतीची गरज कळते' असं काहीजण म्हणतात, ते अर्धंच पटतं. त्यातून नुकसान कळतं, गरज कळत नाही. ऑगस्ट २०१९ च्या पुरानंतर निपाणी तालुक्यात वेदगंगेकाठच्या गावांत आम्ही चौघं-पाच जण वही घेऊन फिरलो होतो. कर्नाटक सरकारनं तेव्हा पूर्ण पडलेल्या घराला ५ लाख आणि कुटुंबाला तातडीचे १० हजार जाहीर केले होते. पण कुटुंब म्हणजे कोण? एका छपराखाली तीन भावांच्या तीन चुली, उतारा मात्र वारलेल्या आजोबांच्या नावावर. नोंद एकाचीच झाली. त्यात फॉर्म कन्नडमधून. आमच्याकडं बोलता सगळ्यांना येतं, वाचता येत नाही. पहिला प्रश्न 'चुली किती?' हाच हवा.

शाळेतल्या निवारा केंद्रात पुरुषांना विचारलं की एकच उत्तर, वैरण. ते खरंच होतं. म्हशी सोडवेनात म्हणून कितीजण पाणी दारात येईस्तोवर हलले नव्हते. बायका मात्र गप्प. आमच्यातली एक मुलगी त्यांना हापशाजवळ वेगळी भेटली, तेव्हा कळलं की संडासला जावं लागू नये म्हणून त्या दिवसभर पाणीच पीत नव्हत्या. स्फिअरच्या, म्हणजे आपत्तीतल्या मदतीसाठीच्या आंतरराष्ट्रीय किमान निकषांत अगदी सुरुवातीलासुद्धा ५० माणसांमागे १ संडास धरतात, पुढं २० मागे १. तिथं दोनशेच्या वर माणसं, संडास दोन, आणि एकाच्या दाराला कडी नव्हती.